दगडाच्या गावातली वीट

बेळगावात कुणालाही ‘इथं जुनं काय आहे?’ विचारा, तो तुम्हाला दगड दाखवायला घेऊन जाईल. किल्ल्यातली कमल बस्ती म्हणजे जुनं जैन देऊळ, तिच्या छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ, बाहेरचा खंदक, बुरूज. माणूस जरा हौशी असला तर गाडी काढून हलशीला, भूवराह-नरसिंहाच्या देवळापर्यंत. आमच्याकडे पाहुणे आले की हाच कार्यक्रम ठरलेला असतो आणि येताना कुंदा. शहरातल्याच वडगाव-माधवपूरला मात्र कुणी पाहुण्यांना नेत नाही. मीही नेत नाही. नेऊन दाखवायचं काय? माग, गल्ल्या, घरं, घरांवर चढलेले नवे मजले. कमल बस्तीहून हजार-बाराशे वर्षांनी जुनं जे काही तिथं आहे ते मातीखाली आहे, आणि त्यातलं बरंचसं विटांचं आहे.

ही दगडाची ओढ आपली एकट्याची नाही. पश्चिम भारताचं पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा त्याचा अगदी पहिला हंगाम आपल्याच भागात झाला. जानेवारी ते मे १८७४ या काळात जेम्स बर्जेस बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत फिरला. बेळगावच्या किल्ल्यातल्या बस्त्या, बदामीची लेणी, ऐहोळे, पट्टदकल. देवळांचे नकाशे काढले, शिलालेखांचे ठसे घेतले, फोटो घेतले. काम उत्तम, आजही उपयोगी पडतं. पण ते सगळं जमिनीच्या वरचं. देऊळ उभं होतं, त्याच्यावर नक्षी होती, बाजूला लेख होता. कमल बस्तीचंच पाहा ना. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा, त्याचा मंत्री बिचिराज, साल १२०४, सगळं दगडात लिहून ठेवलेलं. लेख नसला तरी खांबांच्या धाटणीवरून जाणकार शतक सांगतो. दगड स्वतःचं वय बोलतो. वीट बोलत नाही.

हे खानापूरकडच्या वीटभट्टीवर चांगलं कळतं. भात निघालं की शेताच्या कडेला माती कालवायला सुरुवात होते. साचा, राख, थापलेल्या विटांच्या रांगा, मग भट्टी रचणं, तूस आणि लाकूड, आणि वळवाचा पाऊस यायच्या आत सगळं आटपायची घाई. एका भट्टीवाल्यांशी माझी ओळख आहे. घराच्या मागची भिंत बांधायची होती तेव्हापासूनची. वीट पारखायची त्यांची रीत एकच, दोन विटा घेऊन एकमेकींवर आपटायच्या. “वाजवून बघा की वो.” खणखणीत वाजली तर भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची राहिली. एकदा मी गावातल्या पडक्या वाड्यातली एक जुनी वीट त्यांच्यापुढे ठेवली आणि किती वर्षांची असेल विचारलं. त्यांनी ती वाजवली, कडा बघितल्या आणि म्हणाले, “चांगली हाय. घालून टाका भिंतीत.” किती वर्षांची, या प्रश्नात त्यांना काही रस नव्हता. विटेकडे बघायची खरी नजर हीच आहे असं मला पुष्कळदा वाटतं, आणि पुरातत्त्वाला सगळ्यात जास्त ठेचा इथंच लागल्या आहेत.

सगळ्यात मोठी ठेच एका मराठी माणसाला लागली. देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव. १९११-१२ मध्ये ते सिंधमध्ये लारकाना भागात एका टेकाडावर गेले. टेकाडावर स्तूपाचा उंचवटा, खाली मैलभर विटाच विटा. आसपासचे लोक म्हणत, हे दोनशे वर्षांपूर्वीचं गाव. भांडारकरांना ते पटलं. त्यांनी अहवालात लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की इथल्या विटा अलीकडच्या घडणीच्या आहेत आणि भाजक्या मातीवरचं कोरीवकाम कुठं दिसत नाही, तेव्हा लोक म्हणतात ते चुकीचं नसावं. ते टेकाड म्हणजे मोहेंजोदडो. दोनशेच्या जागी साडेचार हजार वर्षं.

आज हे वाचून हसायला येतं, पण हसण्याआधी विटेचं माप बघावं. मोहेंजोदडोची नेहमीची वीट साधारण २८ सेंटिमीटर लांब, १४ रुंद, ७ जाड. एकास दोन, दोनास चार. आपल्या घराला लागणारी इंग्रजी वळणाची वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. दोन्ही हातात घेतल्या तर एकाच घराण्यातल्या वाटतील. मौर्य-कुषाण काळातल्या विटा मात्र भल्या थोरल्या, हातभर लांब. त्या पिढीच्या पुरातत्त्वज्ञांच्या डोक्यात ठोकताळा पक्का होता, वीट मोठी तर काळ जुना. बुद्धापलीकडे भारतात विटांचं शहर असेल ही कल्पनाच कुणाकडे नव्हती, त्यामुळे त्या ठोकताळ्याला उलट बाजूनं भगदाड पडू शकतं हे सुचणार कसं? आणि भांडारकर काही कच्चे नव्हते. पुढे दोनच वर्षांत त्यांनी विदिशेजवळ बेसनगरला, हेलिओदोर या ग्रीक वकिलानं उभारलेल्या गरुडध्वजाच्या परिसरात, केलेलं उत्खनन त्या काळच्या चांगल्या कामांत मोजतात. माणूस हुशार, डोळे उघडे, आणि तरी फसला. कारण त्यानं विटेला ती सांगू शकत नाही तेच विचारलं.

यात बेळगावचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. आहे. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ पर्यंत. बेळगावही त्याच इलाख्यात. दोन्हींकडच्या पुराण्या अवशेषांची जबाबदारी एकाच कार्यालयाकडे होती, पुण्यातल्या पश्चिम मंडळाकडे. भांडारकर तिथले अधीक्षक, त्यांच्या आधी हेन्री कझन्स. याच कझन्सनं आपल्या कानडी जिल्ह्यांतल्या चालुक्य देवळांवर ग्रंथ लिहिला आणि सिंधच्या पुरावशेषांवरही. भांडारकर कलकत्त्याला प्राध्यापक म्हणून गेल्यावर त्या खुर्चीत राखालदास बॅनर्जी आले. म्हणजे सिंधू संस्कृतीचं ते थोरलं शहर ज्या टेबलावरून सापडलं, त्याच टेबलावर बेळगावच्या बस्त्यांचे कागद येत-जात होते. हद्दी नंतर सरकल्या. सिंध देशाबाहेर गेला, आपण १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो. आमच्या पिढीला फक्त दुसरी घटना ठाऊक.

बॅनर्जी मोहेंजोदडोला गेले ते स्तूपासाठी. तो खराच कुषाणांच्या काळातला बौद्ध स्तूप होता आणि १९२२ च्या हिवाळ्यात खणायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा रोख त्याच्यावरच होता. पण त्यांना आधी तिथं गारगोटीचं एक हत्यार मिळालं होतं. खाली खणत गेल्यावर मुद्रा निघाल्या, हडप्प्याला निघाल्या होत्या तशाच. हडप्प्यात दयाराम साहनींनी वर्ष-दोन वर्षं आधी काम सुरू केलेलं. दोन्ही ठिकाणांत सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि दोन्हीकडे त्याच चौकोनी मुद्रा, तीच न वाचता येणारी चित्रं. दोन्हीकडचं सामान सर्वेक्षणाचा महासंचालक जॉन मार्शल याच्या समोर शेजारी शेजारी मांडलं गेलं आणि २० सप्टेंबर १९२४ ला त्यानं लंडनच्या सचित्र साप्ताहिकातून ही बातमी जगाला सांगितली. बघा, वय सांगितलं ते मुद्रांनी. विटा त्याच होत्या, तिथंच होत्या, हजारो लोकांनी बघितल्या होत्या.

हडप्प्याच्या तर नुसत्या बघितल्या नव्हत्या, नेल्या होत्या. लाहोर-मुलतान रेल्वे घालताना रुळांखाली घालायला खडी हवी, आणि पंजाबच्या त्या गाळाच्या प्रदेशात दगड नाही. हडप्प्याचे टेकाड आयतेच. सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यानं नोंदवलंय की सुमारे शंभर मैलांच्या रुळांना तिथल्या विटा पुरल्या. कनिंगहॅम तिथं १८५३ पासून अनेकदा गेलेला, १८७२-७३ मध्ये त्यानं खणलंही. एक मुद्राही त्याच्या हाती आली, तिच्यावर बैल. बैलाला वशिंड नाही म्हणून त्यानं ठरवलं, ही भारतातली नव्हे, बाहेरून आलेली. इथं मला मात्र त्या रेल्वेच्या कंत्राटदाराबद्दल राग धरवत नाही. साडेचार हजार वर्षं जमिनीत राहूनही वीट खडी म्हणून चालली, आगगाडीचा भार तिनं झेलला. आमच्या भट्टीवाल्यांनी त्या वाजवून बघितल्या असत्या तर तेच म्हणाले असते.

१९२४-२५ मध्ये मोहेंजोदडोला खणायला गेले काशिनाथ नारायण दीक्षित, पुढे १९३७ ते १९४४ सर्वेक्षणाचे महासंचालक झाले ते. जन्म पंढरपूरचा. विटेवर उभ्या असलेल्या देवाच्या गावचा मुलगा विटांच्या शहरात शिरला, हे कुणी मुद्दाम रचून लिहिलं असतं तर मी खोडून टाकलं असतं. पण खरंच आहे.

मग १९२५-२६ चा मोठा हंगाम. मार्शल स्वतः हजर, शेकडो मजूर. ते महास्नानगृह त्याच हंगामात निघालं. बारा मीटर लांब, सात रुंद, सुमारे अडीच मीटर खोल, दोन्ही टोकांना पायऱ्या, विटा उभ्या कडेवर घट्ट बसवून जिप्समच्या चुन्यात सांधलेल्या आणि पाणी झिरपू नये म्हणून मागे डांबराचा थर. रस्ते, गटारं, विहिरी, न्हाणीघरं निघाली. एवढं सगळं इतक्या झपाट्यानं निघालं की त्याची किंमत पुढच्यांनी मोजली. त्या काळी खोली मोजायची पद्धत अशी, की एक पातळी धरायची आणि तिच्यापासून किती फूट खाली वस्तू मिळाली ते लिहायचं. पण शहर काही सपाट पाट्यांसारखं थरावर थर चढत नाही. कुठं उकिरडा, कुठं खड्डा, कुठं पडलेल्या भिंतीवर नवी भिंत. दहा फुटांवर एकाच्या घरातलं भांडं आणि शेजारच्याच्या खापरपणजोबाच्या खड्ड्यातलं भांडं एकाच रांगेत बसलं. भिंती नीट राहिल्या, भिंतींना चिकटलेली माती उपसली गेली. आणि विटेचं वय सांगायचं काम त्या मातीकडेच होतं.

हे ज्यानं ठणकावून सांगितलं तो मॉर्टिमर व्हीलर १९४४ ला महासंचालक म्हणून आला. मिशा, आवाज, लष्करी शिस्त, त्याच्याविषयी किस्से पुष्कळ आहेत, ते राहू द्या. त्याच्या पद्धतीतली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे नसलेली भिंत ओळखणं. विटांचं गाव ओस पडलं की शेजारचे लोक विटा काढून नेतात, सगळीकडे हेच. पार पायापर्यंत उपसतात. मग त्या रिकाम्या चरात वरून दुसरी माती पडत जाते, भुसभुशीत, रंगानं वेगळी, तुकड्याताकड्यांनी भरलेली. खड्ड्याची बाजू ओळंब्यात सरळ कापून नीट बघितली तर तिथं भिंतीचं जणू सावट दिसतं. वीट एकही नाही, पण भिंत किती रुंद होती, कुठं वळत होती, ती पडल्यावर जमीन कुठल्या थराला होती, सगळं त्या चराच्या कडांवरून वाचता येतं. विटा नेलेल्यानं सगळं नेलेलं नसतं.

याच सुमाराला आपल्या शेजारी कोल्हापूरला काम चाललं होतं. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केलं. (पंढरपूरचे ते दीक्षित वेगळे, हे वेगळे.) सांकळियांनी लंडनला शिकत असताना व्हीलरच्याच हाताखाली इंग्लंडमध्ये मेडन कॅसलला माती उपसलेली. ब्रह्मपुरीला वरच्या थरात बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या आणि मणी, खालच्या थरात सातवाहन काळातली विटांची घरं. त्याच्या थोडं आधी तिथं प्रा. कुंदणगार यांनीही काम केलेलं. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे, मूळचे आपल्या गोकाक तालुक्यातल्या कौजलगीचे, पुढे १९६१ च्या गदगच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. बेळगाव जिल्ह्यातला कानडी प्राध्यापक कोल्हापूरच्या मातीतून सातवाहनांचं घर शोधतो, हे आज कुठल्या सभेत सांगितलं तर टाळ्या कुणी वाजवायच्या यावरून वाद होईल.

ब्रह्मपुरीत ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला आणि त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती, रोमन जगातून आलेली. ती कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, जरूर बघा. पण एक सांगतो. मी ज्यांना ज्यांना तिथं घेऊन गेलो ते सगळे त्या मूर्तीपुढे थांबले, “रोमहून इथं?” असं म्हणाले. ती मूर्ती ज्याच्या घरात होती त्याचं घर कसं होतं, हे कुणी विचारलं नाही. पुन्हा तेच. कमळ दिसतं, पोसायडन दिसतो. चार विटांचा कोनाडा दिसत नाही.

वडगाव-माधवपूरचं तसंच झालं. १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले डॉ. अ. सुंदर यांनी तिथं उत्खनन केलं आणि बेळगाव शहराच्या पोटात इसवी सनाच्या आगेमागेचं एक नांदतं नगर असल्याचं दिसलं. सातवाहन काळातली नाणी, भाजक्या विटांचं बांधकाम. गावाचं वय एकदम हजार वर्षांनी मागे गेलं. माझ्या शाळेत इतिहासाच्या तासाला बेळगाव म्हणजे वेणुग्राम, रट्ट, यादव, आदिलशाही, अशीच रांग होती. त्याच्या आधीची बाजू कोरी.

तिथल्या एका स्तंभावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, काश्यप गोत्रातल्या, वाजपेय यज्ञ केलेल्या एका ब्राह्मणाचा. भाषा प्राकृत. आमच्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा त्यानं लगेच विचारलं, “प्राकृत म्हणजे आपलीच ना?” दुसऱ्या दिवशी कन्नड मातृभाषेच्या सहकाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, “सातवाहन म्हणजे कर्नाटकचेच की.” दोघंही सज्जन. दोघांनाही त्या यज्ञ करणाऱ्याच्या घरात काय शिजत होतं याच्याशी देणंघेणं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या स्तंभाचं नाव तरी निघतं. विटांची बाजू घ्यायला दोन्हीकडून कुणी येत नाही. मला हे बरंच वाटतं. एवढी एक तरी गोष्ट भांडणातून सुटली.

पण सुटली म्हणून वाचली असं नाही. जुनी घरं पाडून तिथं नवीन बांधकामं होतात, पाया काढायला जेसीबी येतो. पूर्वी पाया हातानं काढत, कुदळीला वीट लागली की ‘ठक्’ असा आवाज यायचा, माणूस वाकून बघायचा. बकेटला आवाज नसतो. डंपरमधून माती जाते ती रस्त्याकडेच्या भरावाला. त्या मातीत खापराचे तुकडे असतील, मोठ्या मापाची अर्धी वीट असेल, चालकाला त्याचं काय? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भांडारकरांना जे दिसलं नाही ते बारा तास मशीनवर बसलेल्या माणसाला दिसावं अशी अपेक्षा कशी धरायची? महापालिकेनं निदान जुन्या वस्तीतल्या खोल पायांवर कुणी जाणता माणूस दिवसभर उभा ठेवावा, एवढं तरी होण्यासारखं आहे. खर्च एका कमानीच्या रोषणाईपेक्षा कमी येईल.

उत्खनन झालं की सगळं उघडंच ठेवावं, असंही मी म्हणणार नाही. मोहेंजोदडोच्या उघड्या भिंती आज क्षारांनी खाल्ल्या जात आहेत. जमिनीतलं खारं पाणी विटेत चढतं, वर येऊन सुकतं, क्षाराचे स्फटिक फुगतात आणि वीट पापुद्रे सोडत पिठासारखी झडते. १९८० पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, तरी हा रोग थांबत नाही. खणलं, मापलं, लिहून ठेवलं आणि परत बुजवलं, यात कमीपणा नाही. वडगावच्या विटा मातीखाली आहेत हे एका अर्थी त्यांचं नशीब, फक्त ती माती तिथं राहायला हवी.

मागच्या हंगामात भट्टीवर गेलो तेव्हा नवा साचा आलेला. विटेच्या पाठीवरच्या खाचेत दोन अक्षरं उमटत होती, इंग्रजीत, नातवाच्या नावाची. मी म्हटलं, हे छान केलंत, दोन हजार वर्षांनी कुणी खणलं तर वीट कुणाची ते कळेल, मोहेंजोदडोवाल्यांनी एवढं केलं असतं तर पुष्कळांची फजिती वाचली असती. त्यांना ते विशेष पटलं नाही. मग मी विचारलं, इंग्रजीत का घातलं, आपल्या अक्षरात का नाही?

“आमची वीट चंदगडला जातीया, गोव्याला जातीया, इकडं बैलहोंगलापर्यंत जातीया,” ते म्हणाले. “इंग्रजी घातलं की कुणी काय विचारत नाही.”

आणि पुढच्या गाडीचा हिशेब करायला लागले.